सामाईक कोठी

साठवणीच्या जागेला मराठीत जितके शब्द आहेत, तितके दुसऱ्या कशाला असतील असे मला वाटत नाही. कोठी आहे, कोठार आहे, कणगी आहे, बळद आहे, पेव आहे. कणगी बांबूच्या कामट्यांची विणलेली आणि शेणाने सारवलेली. बळद वाड्याच्या पोटात दडवलेले. पेव जमिनीत खोल खणून तोंड लिंपून टाकलेले. आमच्या ज्वारीच्या मुलखात ज्याच्या पेवात दाणे असत, तो दुष्काळातही ताठ मानेने चाले. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार त्या पेवाचाच. कोठी सांभाळणारा तो कोठावळा. त्याचे पुढे आडनावही झाले. ज्या भाषेने साठवणीचा एवढा बारीक विचार केला, तिच्या माणसांना एक नवी कोठी समजावून सांगणे अवघड जाऊ नये, अशा भरवशावर मी आज लेखणी उचलली आहे.

एरवी या सदरात मी एखादा जुना शब्द घेते आणि त्याची पाळेमुळे खणत बसते. पण दिवाळी अंकात संपादक चार पाने अधिक देतात, तेव्हा यंदा नवे शब्द घ्यावेत असे ठरवले. शब्द आहेत कंटेनर, क्लस्टर आणि पर्सिस्टंट स्टोरेज. आता कोणी म्हणेल, "बाई, मराठी शिकवता शिकवता हे काय आरंभलेत?" पण वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले-मुली, जावई आणि सुना पुण्याला नाहीतर बंगळुरूला दिवसभर याच शब्दांत वावरत असतात. त्या फराळाला घरी येतात, आपण कौतुकाने विचारतो, "काय ग, काम काय असतं तुझं?" आणि त्या म्हणतात, "जाऊ दे आई, तुला नाही कळायचं." तर ते कळावे, एवढाच आजचा उद्देश. शिवाय या कोठीशी आमच्या सोलापुरातल्या एका आजीचा आवाज अडकलेला आहे. ती हकीकत ओघाने येईलच.

कंटेनर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्हावा-शेवा बंदरातल्या लोखंडी पेट्या येतात. संगणकातल्या कंटेनरची कल्पना तशीच आहे. एखादा प्रोग्राम चालायला जे जे लागते, ते सारे त्याच्यासह एका पेटीत बांधायचे, म्हणजे ती पेटी कोणत्याही यंत्रावर नेऊन ठेवली तरी प्रोग्राम विनातक्रार चालू लागतो. २०१३ साली डॉकर नावाच्या साधनाने ही पेटी सर्वांच्या हाती दिली. पेट्या शेकड्यांनी झाल्या तेव्हा त्यांच्यावर देखरेख ठेवणारा कोणीतरी हवा झाला. २०१४ साली गूगलने कुबर्नेटिस नावाची व्यवस्था जाहीर केली. हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकणातला तांडेल म्हणा ना!

या तांडेलाच्या हाताखाली एक यंत्र नसते, अनेक यंत्रे असतात. ती एकमेकांना जोडून जणू एकच यंत्र असल्यासारखी राबतात, त्या जुडग्याला क्लस्टर म्हणतात. आणि पेट्या ज्यात बसवतात त्या घटकाचे नाव आहे पॉड, म्हणजे चक्क शेंग. शेंगेत जसे एक-दोन दाणे, तसे पॉडमध्ये एक-दोन कंटेनर. शेंगांच्या चटणीवर वाढलेल्या सोलापूरकराला ही उपमा परकी वाटण्याचे कारण नाही.

तांडेलाला आपण एवढेच सांगायचे, "मला अमुक प्रोग्रामच्या तीन शेंगा हव्यात." मग तो तीन शेंगा करतो आणि तीनच्या तीनच राहतील असे पाहतो. एक बिघडली तर ती दुरुस्त करीत बसत नाही. फेकून देतो आणि नवी करतो. एखादे यंत्रच बंद पडले तर त्यावरच्या शेंगा दुसऱ्या यंत्रावर नव्याने करतो. नवी शेंग जुनीसारखीच दिसते, काम तेच करते. पण जुनीने आपल्या पोटात जे काही लिहून ठेवले होते, त्यातले एक अक्षरही नवीला ठाऊक नसते.

आषाढीची वारी डोळ्यांपुढे आणावी. दिंडीच्या राहुट्या रोज संध्याकाळी उभ्या राहतात आणि पहाटे उतरतात. आजची राहुटी जिथे आहे तिथे उद्या नसणार, हे सगळ्यांना माहीत असते. म्हणून राहुटीच्या कोपऱ्यात कोणी महिन्याचा शिधा रचून ठेवीत नाही. शिधा दिंडीच्या ट्रकात असतो, आणि तो सगळ्या दिंडीचा असतो. राहुटी तात्पुरती आहे म्हणूनच वारी चालते. मात्र शिधा कुठे ठेवायचा याचा विचार आधी झालेला असावा लागतो. तो झाला नाही तर काय होते, ते आमच्या विभागाने पाहिले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागाने एक उपक्रम सुरू केला. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे एक तरी गाणे फोनवर मुद्रित करून आणायचे. जात्यावरच्या ओव्या आल्या, पाळणे आले, विड्या वळता वळता म्हणायची गाणी आली. सोलापूर हे अजब गाव आहे. इथे एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कन्नड, चौथीत उर्दू. आणि बायकांच्या गाण्यांत या चारी भाषा एका ताटात जेवतात. दीड-दोनशे गाणी जमली. ती सर्वांना ऐकता यावीत म्हणून बाहेरच्या काही मंडळींकडून एक संकेतस्थळ बांधून घेतले. काम आधुनिक पद्धतीने केले होते. कॉलेजची तीन यंत्रे जोडून त्यांचे क्लस्टर केले होते आणि संकेतस्थळाच्या तीन शेंगा तीन यंत्रांवर ठेवल्या होत्या. एक बंद पडली तरी दोन चालू राहाव्यात हा हेतू.

थोड्याच दिवसांत तक्रारी येऊ लागल्या. द्वितीय वर्षाला असलेली पूर्व भागातली एक मुलगी मला भेटायला आली. तिच्या आजीचे गाणे तिने संग्रहात ठेवले होते. आजीने उभा जन्म विड्या वळल्या. गाणे अर्धे तेलुगू, अर्धे मराठी, चांगले अकरा मिनिटांचे.

"मॅडम, सकाळी गाणं होतं, दुपारी नव्हतं," ती म्हणाली. "आत्ता परत उघडलं तर आहे."

आमच्या शिपायाने तत्काळ निदान केले, "मॅडम, हे बाहेरचं आहे." बांधून देणाऱ्या मंडळींना कळवले, तर उत्तर आले की आमच्याकडे सगळे व्यवस्थित दिसते. पुढे श्रावणात ती आजी वारली. मुलीने दरम्यान जुना फोन विकून नवा घेतला होता. गाणे संग्रहात सुरक्षित आहे अशी तिची समजूत होती. भाद्रपदात एके रात्री त्या मंडळींनी संकेतस्थळाची नवी आवृत्ती बसवली. सकाळी पाहिले तर पाने जागच्या जागी, नावांच्या याद्या जागच्या जागी, आणि गाणे मात्र एकही नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बारावीला माझ्या वर्गात होता. वडील यंत्रमागावर काम करीत. हा अभियंता होऊन पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. मी त्याला सारी हकीकत सांगितली. तो दोन तास आमच्या यंत्रांसमोर बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, भूत नाही सापडलं. कोठीच नाही सापडली."

"म्हणजे रे?"

"तीन शेंगा होत्या, आणि प्रत्येकीनं आपापल्या पोटात गाणी ठेवली होती. तुमच्या विद्यार्थिनीनं गाणं चढवलं तेव्हा ती तिघींपैकी एकीकडं गेली. ऐकायला आलेला माणूस कधी हिच्याकडं जातो, कधी तिच्याकडं. जिच्या पोटात गाणं आहे तिच्याकडं गेला तर ऐकू येतं, नाहीतर नाही."

"म्हणजे तिनांत एकदा?"

"साधारण तसंच. एकमेकींच्या पोटात काय आहे, ते त्यांना कळत नाही."

"आणि सगळंच गेलं ते?"

"नवी आवृत्ती बसवताना जुन्या शेंगा मोडतात आणि नव्या करतात. ते बिघडलं म्हणून होत नाही, मॅडम. ते तसंच ठरलेलं असतं."

हे शेवटचे वाक्य मला फार लागले. चोरी झाली असती तर चोराला बोल लावता आला असता. आग लागली असती तर नशिबाला. इथे सारे काही नियमाप्रमाणे झाले होते. टिकवायचे काय, हे कोणी सांगितलेच नव्हते. आणि जे टिकव म्हणून सांगितले नाही ते टिकवायचे नाही, हाच त्या व्यवस्थेचा नियम होता.

त्याने सुट्टीचे तीन दिवस आमच्यासाठी खर्ची घातले. त्या तीन दिवसांत जे जे झाले ते मी शेजारी बसून टिपून घेतले. आता ते क्रमाने सांगते.

पहिले काम कोठी उभी करण्याचे. कोठी शेंगांच्या बाहेर हवी, आणि तिन्ही यंत्रांना तिथवर पोहोचता यायला हवे. त्याने एक चौथे यंत्र घेतले, त्यात दोन डिस्क बसवल्या आणि दोहोंवर एकच मजकूर राहील अशी व्यवस्था केली. मग त्यातला एक कप्पा नेटवर्कवरून इतरांसाठी खुला केला. यासाठी वापरतात त्या पद्धतीला एनएफएस म्हणतात. ही आजची नव्हे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती १९८४ साली आणली. सन १९८२ साली ज्यांनी स्थापन केली त्यांत विनोद खोसला होते, आणि त्यांचा जन्म पुण्याचा. दूरच्या यंत्रातला कप्पा आपल्याच यंत्रात आहे असे भासवायचे, ही तिची सारी करामत. चाळीस वर्षे उलटून गेली तरी तिचे काम चालूच आहे.

दुसरे काम नोंदीचे. कोठी उभी राहिली एवढ्याने तांडेलाला ती कळत नाही. त्याच्या दप्तरात नोंद करावी लागते: अमुक यंत्रावर, अमुक कप्प्यात, एवढ्या मापाची जागा आहे, आणि ती अमुक प्रकारे वापरता येईल. या नोंदीला पर्सिस्टंट व्हॉल्यूम म्हणतात. पर्सिस्टंट म्हणजे चिवटपणे टिकून राहणारे. पुण्याला हा शब्द जुना ओळखीचा आहे. आनंद देशपांडे यांनी तिथे १९९० साली काढलेल्या कंपनीचे नावच पर्सिस्टंट.

तिसरे काम मागणीचे. ज्या प्रोग्रामला जागा हवी त्याच्या वतीने एक अर्ज करावा लागतो: मला एवढी जागा हवी, आणि ती अशा प्रकारे वापरायची आहे. याला क्लेम म्हणतात. मी याला 'दावा' म्हणावे असे सुचवले; तो हसला, पण नंतर त्यानेही तोच शब्द धरला. तांडेल दावा वाचतो, दप्तरातल्या नोंदी पाहतो आणि जी नोंद दाव्याला पुरी पडते तिच्याशी त्याची गाठ मारतो. ही गाठ एकास एक असते. त्या नोंदीवर मग दुसरा दावा चालत नाही. मोठ्या ठिकाणी रोज शेकडो दावे येतात, तिथे एकेक नोंद हाताने कोण करणार? म्हणून तिथे एक कोठावळा नेमून ठेवतात. दावा आला की तो आपण होऊन तेवढी जागा काढून देतो. त्याला स्टोरेज क्लास म्हणतात.

चौथे काम दाराचे. तिन्ही शेंगांच्या वर्णनात लिहायचे, की आत 'गाणी' नावाचे एक दार असेल आणि ते या दाव्याच्या कोठीत उघडेल. झाले. आता कोणत्याही शेंगेत गाणे ठेवले तरी ते कोठीत जाते आणि तिघींना दिसते. शेंग मोडली, नवी झाली, दुसऱ्या यंत्रावर गेली, तरी तिचे दार त्याच कोठीत उघडते.

सांगायला हे सोपे. पण सामाईक कोठी म्हटली की तंटे आलेच. ते आपल्याला मी सांगायला नको. ज्यांनी उजनीच्या पाण्यावरून होणारे वाद वर्षानुवर्षे वाचले आहेत, त्यांना साठा बांधणे सोपे आणि वाटणे अवघड हे पुरते माहीत आहे.

पहिला प्रश्न: कोणी काय करायचे? कुबर्नेटिसने यासाठी चार प्रकार ठरवले आहेत. एका यंत्रावरूनच वाचायचे आणि लिहायचे, हा एक. अनेकांनी वाचायचे पण लिहायचे कोणीच नाही, हा दुसरा. अनेक यंत्रांवरून अनेकांनी वाचायचे आणि लिहायचेही, हा तिसरा. याचे नाव रीड-राइट-मेनी. आणि साऱ्या क्लस्टरमध्ये एकाच शेंगेने वापरायचे, हा चौथा, मागाहून आलेला. आम्हाला तिसरा हवा होता. इथे एक मेख आहे. दाव्यात 'मेनी' लिहिले म्हणून कोठी तशी होत नाही. काही डिस्का मुळातच अशा असतात की त्या एका वेळी एकाच यंत्राला जोडता येतात. त्यांच्यापुढे कागदावर काहीही लिहिले तरी व्यर्थ. कोठीची जातच सामाईक असावी लागते, एनएफएससारखी.

आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपणांस ठाऊक आहेच. पंधराव्या शतकात बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात होती. दुष्काळ पडला आणि पंतांनी कोठारे लोकांना खुली केली. कोठाराची किल्ली हाती असणे वेगळे आणि ते रिकामे करण्याचा अधिकार असणे वेगळे, या मुद्द्यावर त्यांना बेदरला जाब द्यायची पाळी आली. कथेत पांडुरंगाने स्वतः जाऊन पैसे भरले आणि पावती घेतली. आमच्या यंत्रांच्या वतीने पावती घ्यायला पांडुरंग येणार नाही. तेव्हा अधिकार आधीच लिहून ठेवलेले बरे.

अधिकाराचाच दुसरा भाग किल्लीचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी सारे जोडून झाले आणि गाणे चढवायला गेलो, तर उत्तर आले: परवानगी नाही. माझा जुना विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, कोठीच्या दारावर नाव विचारत नाहीत, आकडा विचारतात." शेंगेतला प्रोग्राम ज्या आकड्याच्या नावे चालतो, तोच आकडा कोठीतल्या कप्प्याचा धनी असावा लागतो. आमच्या शेंगेचा आकडा एक आणि कप्प्याचा भलताच. तो जुळवायला अर्धा तास गेला. तो म्हणाला की नवशिक्यांचे दिवसच्या दिवस इथे जातात.

दुसरा प्रश्न: दोघांनी एकाच वेळी लिहिले तर? एकाच हजेरीपटाच्या एकाच ओळीवर दोन कारकुनांनी एकदम लेखणी टेकवली तर जे होईल, तेच. कोठी सामाईक झाली म्हणून लिहिणाऱ्यांत शिस्त येत नाही. गाण्यांचे बरे असते; एक गाणे एकदाच ठेवायचे आणि मग शंभरदा ऐकायचे. तरी दोन मुलांनी आपापल्या गाण्याला 'आजीचे गाणे' असेच नाव दिले, तर दुसरे पहिल्यावर बसणार. म्हणून प्रत्येक गाण्याला वार, वेळ आणि क्रमांक मिळून वेगळे नाव मिळेल असे केले. पण गायिकांची यादी, गावांची नावे, असा जो मजकूर सारखा बदलतो, तो तीन शेंगांनी एकाच वहीत लिहिणे धोक्याचे. त्यासाठी एकच कारकून नेमायचा, म्हणजे डेटाबेसचा वेगळा प्रोग्राम, आणि बाकीच्यांनी त्याला सांगायचे. घरातही तेच नाही का? डबे सर्वांना उघडता येतात, पण वाण्याची वही एकाच्याच हाती असते.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: भाडेकरू निघून गेला की सामानाचे काय? दावा मागे घेतला तर कोठीतल्या मालाची वाट कशी लावायची, हे नोंदीत आधीच लिहावे लागते. दोन पर्याय मुख्य. एक 'राखा', दुसरा 'नष्ट करा'. आणि वाचकहो, कोठावळ्याने आपण होऊन काढून दिलेल्या जागेला, आपण वेगळे सांगितले नाही तर, 'नष्ट करा' हाच नियम लागतो. यामागे दुष्टावा नाही. जागेला भाडे पडते, आणि सोडून दिलेला माल कोणी किती दिवस सांभाळावा? पण आजीच्या आवाजाला हा नियम लावून कसे चालेल? आमच्या नोंदीत 'राखा' असे लिहिले. ते लिहिताना मी त्याला म्हटले, "अरे, हे अक्षर माझ्या हातानं उमटू दे." त्याने खुर्ची सरकवली.

चौथा प्रश्न: कोठीच कोसळली तर? आमचे चौथे यंत्र एकच आहे. ते बंद पडले की तिन्ही शेंगा दाराशी ताटकळत उभ्या राहणार. मोठ्या संस्था यावर उपाय करतात तो असा, की कोठीच अनेक यंत्रांवर पसरायची. सेफ नावाची अशी एक व्यवस्था आहे. सेज वाइल या विद्यार्थ्याच्या कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरेटच्या संशोधनातून ती निघाली. नाव सेफालोपॉडवरून, म्हणजे अनेक हातांच्या ऑक्टोपसच्या कुळावरून घेतलेले. ती एरवी प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते. एक यंत्र गेले तर उरलेल्या दोन प्रतींवरून तिसरी पुन्हा करून घेते. यात जागा अर्थातच तिप्पट लागते. बारा मापांच्या डिस्का घेतल्या तर हाती चार मापेच येतात. सोलापूरकरांना हा हिशेब उजनीने शिकवला आहे. धरण ११७ टीएमसीचे, पण त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात. पाटीवरचा आकडा आणि हाती येणारा साठा यांतले अंतर ज्याला कळत नाही, त्याने कोठीचा हिशेब करू नये.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यात शहाणीसुरती माणसेही फसतात. तीन प्रती असणे म्हणजे राखण असणे नव्हे. कोणी गाणे पुसले, तर कोठी आज्ञाधारकपणे तिन्ही प्रती पुसते. सामाईक साठा वेगळा आणि अडीअडचणीची प्रत वेगळी. ती दुसऱ्या जागी, जमल्यास दुसऱ्या गावी, आणि या कोठीच्या किल्लीने न उघडणारी असावी. आमच्या संग्रहाची अशी प्रत आता दर आठवड्याला एका वेगळ्या डिस्कवर उतरते, आणि ती डिस्क कॉलेजात राहत नाही.

दूरच्या प्रतीचे महत्त्व आम्हाला त्या मुलीनेच पटवून दिले. गाणी गेल्याचे कळल्यावर आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला मूळ मुद्रण शोधायला सांगितले. बहुतेकांच्या फोनवर ती सापडली. हिच्याकडे काहीच नव्हते. पण आमच्या पूर्व भागातल्या घरांचे गणगोत भिवंडीपासून सुरतेपर्यंत पसरलेले असते. भिवंडीच्या मावशीला हिने कधीकाळी आजीच्या गाण्याचा एक तुकडा पाठवला होता. तो मावशीच्या फोनवर निघाला. अकरा मिनिटांच्या गाण्यातली दोन मिनिटे परत आली. उरलेली नऊ कुठेच नाहीत. मुलीने ती दोन मिनिटे नव्या कोठीत ठेवली आणि यादीत लांबीच्या रकान्यात 'दोन मिनिटे' लिहून पुढे कंसात 'अपूर्ण' असे लिहिले. मी ते वाचले आणि काही बोलले नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेले हे काम एक लाखाहून अधिक ओव्यांवर गेले. पुढे संगणकाचे आणि संगीताचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. ओव्या संगणकात नीट लावल्या गेल्या, बायकांचे आवाज मुद्रित झाले. प्वातवाँ २००४ साली गेले. पुढे हेमाताईही गेल्या. तरी ओव्या राहिल्या. पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या हाती घेतल्या आणि २०१७ पासून त्या जगापुढे येऊ लागल्या. जमवणारे बदलले, यंत्रे बदलली, पत्ता बदलला. ओव्या टिकल्या, कारण त्या कोणा एकाच्या राहुटीत नव्हत्या. आणि आपल्यानंतर ही कोठी कोण सांभाळणार, हा प्रश्न कोणीतरी वेळेवर विचारला होता.

हे सारे क्लस्टर चालवणाऱ्यांपुरतेच आहे असे कृपा करून समजू नये. घरोघरी आज तेच चालले आहे. लग्नाची छायाचित्रे एकाच्या फोनवर, बाबांचे भाषण दुसऱ्याच्या, आणि आजीच्या पाककृती कुठल्याशा गटात वर वर सरकत चाललेल्या. फोन ही राहुटीच आहे. दोन-तीन वर्षांनी ती उतरायची आणि दुसरी उभी राहायची. तेव्हा या दिवाळीत सगळी भावंडे एकत्र जमली की फराळानंतर अर्धा तास काढावा. घराची एक सामाईक कोठी ठरवावी. तिच्यात कोणी लिहायचे आणि कोणी नुसते पाहायचे ते ठरवावे. एखाद्याने आपले खाते बंद केले तर त्यातल्या वस्तूंचे काय, हे विचारावे. एक प्रत दुसऱ्या गावच्या भावाकडे असू द्यावी. आणि घरात जी कोणी गाणारी असेल तिला पाटावर बसवून पूर्ण गाणे म्हणायला लावावे, मग ते अकरा मिनिटांचे असले तरी.

आमच्या संग्रहात आता पुन्हा दीडशेच्या घरात गाणी आहेत. गेल्या आठवड्यात आम्ही मुद्दाम तिन्ही शेंगा एकापाठोपाठ एक मोडून पाहिल्या. नव्या झाल्या, दार उघडले, आणि गाणी जागच्या जागी होती. शिपाई शेजारी उभा होता. "आता बाहेरचं काही नाही ना मॅडम?" त्याने विचारले. मी म्हटले, "आता सगळंच बाहेर ठेवलंय, म्हणून तर राहिलं."

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि भरल्या कोठीची जावो.